डिझेलला दम नाही

महालिंगअप्पा, "तुला कुणी घडवलं?" असं मला कुणी विचारलं, तर माझ्या तोंडी आधी तुमचं नाव येतं. आई-वडिलांचं मागून. पूर्वी याचा मला संकोच वाटायचा. एकदा वडिलांजवळ बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, "खरंच हाय ते. आमी कोयता घेऊन फडावर जायचो. तुझ्याकडं ध्यान त्यांनी दिलं." तेव्हापासून संकोच गेला. पण एक गोष्ट राहिली होती, ती राहिलीच.

तुम्हाला जाऊन आज पाचवा दिवस. परवा परळीहून शिरूरला परतताना एसटीत माझा डोळा लागला. उन्हं चढली होती, खिडकीतून गरम वारा येत होता. झोपेत तुमची जुनी गाडी बसच्या पुढे चालली होती. निळा रंग उडालेला, मागच्या फाळक्यावर अर्धा पुसलेला नंदी. आवाज अजिबात नव्हता. सगळीकडे परळीच्या वीजकेंद्राची ती बारीक राख तरंगत होती, रस्त्यावर, झाडांवर, हवेत, आणि तुम्ही स्टेअरिंगमागे ताठ बसला होतात. आम्ही तुम्हाला समाधीला बसवून नेलं ना, अगदी तसेच. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. पुढे चढ होता. गाडी आता थांबणार हे मला माहीत होतं आणि मी छाती धरून वाट बघत होतो. ती थांबली नाही. चढून गेली. कंडक्टरने खांदा हलवला तेव्हा माझ्या दोन्ही हातांच्या मुठी आवळलेल्या होत्या.

या चढाबद्दलच बोलायचं आहे, अप्पा.

मी बी.एस्सी.साठी परळीला आलो तेव्हा आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं कुणीच नव्हतं. वडिलांची आणि तुमची ओळख इतकीच, की ऊसतोडीला निघालेली त्यांची गाडी एकदा तुमच्या गॅरेजसमोर बंद पडली आणि सगळ्या टोळीने तुमच्या लिंबाखाली दोन दिवस काढले. त्या ओळखीवर तुम्ही मला घराची मागची खोली दिलीत. तुमच्या कारभारणीने, अक्कांनी, ताट वाढलं. नंतर कधी कुणी त्यावर बोललं नाही.

तुम्ही चौथी शिकलेले. पण तुमच्यामुळे मी पदवीधर झालो हे मी कौतुक म्हणून लिहीत नाही, ते तसंच घडलं. सकाळी तुम्ही गाडीखाली सरपटत जायचा. बाहेर फक्त दोन पाय दिसायचे, टाचेला भेगा पडलेले. आतून आवाज यायचा, "वाच." मी लिंबाखाली बसून भौतिकशास्त्राचं पुस्तक मोठ्याने वाचायचो. परिच्छेद संपला की गाडीखालून 'का?' विचारणारा एकच शब्द यायचा. "कावून?" मग मला ते मराठीत, तुम्हाला समजेल असं सांगावं लागायचं. सांगता नाही आलं की तुम्ही म्हणायचा, "मंग तुला बी न्हाई कळालं. परत वाच." कॉलेजात सरांनी कधी एवढं विचारलं नाही. परीक्षेत मी जे लिहिलं, ते सगळं त्या दोन पायांना आधी सांगून झालेलं होतं.

आणि आपलं भांडण. ते मिटलंच नाही, नाही का?

जुन्या गाडीला चढावर ओढ राहिली नाही की लोक तुमच्याकडे यायचे. तुम्ही फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, कुणाला तरी हातपंप मारायला लावायचा आणि तिथून उसळणाऱ्या डिझेलवर अंगठा ठेवायचा. डोळे मिटायचे. थोड्या वेळाने सांगायचा, "डिझेलला दम न्हाई." मी म्हणायचो, दम नाही अप्पा, दाब. शास्त्रात त्याला दाब म्हणतात, तो मोजता येतो, त्याला एकक असतं. तुम्ही अंगठा पुसत म्हणायचा, "दाब दुसऱ्यावर टाकतेत बे. दम आपल्यात असावा लागतो." मी परत समजावायला जायचो. तुम्ही परत गाडीखाली. तीन वर्षं आपण या एका शब्दावर भांडलो, आणि दोघांनाही ते भांडण फार आवडायचं.

तुमची पद्धत ठरलेली होती. डिझेल ज्या वाटेने जातं त्या वाटेने आपण चालत जायचं. टाकी, टाकीतली जाळी, पाइप, मग डिझेल ओढणारा फीड पंप, मग फिल्टर. मधूनच उडी मारायची नाही. "ज्याला घाई हाय त्यो आधी इंजन खोलतो," असं तुम्ही म्हणायचा.

शेवटच्या वर्षी, माघ सरत आला होता. वारं सुटलं होतं. अंगणातल्या तुळशीची पानं सकाळी पुसली तरी दुपारपर्यंत पांढुरकी व्हायची. तुमची स्वतःची गाडी तेव्हा राखेच्या विटा वाहायची आणि ज्ञानोबाकाका ती चालवायचे. तलवाड्याचे ज्ञानोबाकाका, पंधरा वर्षं तुमच्याच गाडीवर. तुम्ही दोघं एकमेकांशी दिवसाकाठी दहा वाक्यंही बोलत नसाल, पण ते आले नाहीत तर तुम्ही जेवायला बसायचा नाही. त्या आठवड्यात तुम्ही फिल्टर खोलला तेव्हा आत राखाडी चिखल होता. टाकीच्या झाकणाचं वायसर झिजलं होतं, तिथून धूळ आत जात होती. तुम्ही म्हणालात, बघू नंतर.

मी नंतरपर्यंत थांबलो नाही. दुपारी तुम्ही आडवे झालात तेव्हा मी एका जुन्या ट्यूबचा तुकडा घेतला, त्यावर झाकण ठेवून खडूने गोल आखला, अक्कांच्या कात्रीने कापला आणि झिजलेलं वायसर काढून त्या जागी झाकणाच्या आत घट्ट बसवला. काळ्यात काळं, जुन्या वायसरसारखंच दिसायचं. एक कणसुद्धा आत जाणार नव्हता. मला इतका आनंद झाला होता, अप्पा. तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही. पुढच्या वेळी फिल्टर खोलाल, तो स्वच्छ निघेल, तुम्ही गाडीखालून विचाराल "कावून?", आणि तेव्हा मी सांगेन, असं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून गाडी थांबायला लागली.

विटा भरून निघायची, तासभर नीट चालायची आणि अंबाजोगाईच्या चढाला लागली की तिची ओढ जायची. दोन-तीन आचके देऊन बंद. अर्धा तास उभी राहिली की आपोआप सुरू. तुम्ही वाटेने चालत गेलात. टाकीतली जाळी बघितली, साफ होती. पाइप फुंकला, मोकळा होता. फीड पंप नवा बसवलात. फिल्टर नवे. अंगठा ठेवलात, दम होता. आवारात गाडी खणखणीत चालायची. दरवेळी टाकीचं झाकण उघडलं जायचं आणि दरवेळी ती बरी व्हायची, हे आता मला दिसतं. तेव्हा कुणालाच दिसलं नाही. झाकण उलटं करून कुणी बघितलं नाही. मीही नाही.

मी तर तेव्हा दाबमापकाच्या नादात होतो. एक जुनं दाबमापक मिळवलं, फिल्टरला नळी जोडून ते केबिनपर्यंत आणलं आणि ज्ञानोबाकाकांच्या शेजारी बसून निघालो. मांडीवर ते तबकडीसारखं यंत्र. बाहेर राखेतून सूर्य पिवळा, मऊ दिसत होता. तासभर काटा स्थिर होता. चढ लागला आणि काटा खाली झुकू लागला. एकदम नाही, झोपाळलेलं माणूस मान टाकतं तसा. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "पेंगतोय बघ." मग गाडी थांबली. आम्ही एका बाभळीखाली बसलो. काकांनी भाकरी सोडली, अर्धी मला दिली. मी वहीत आकडे लिहीत होतो. टाकी माझ्यापासून दोन हातांवर होती.

त्यानंतरचा दिवस मला अजून जशाच्या तसा दिसतो. तुम्ही तीन दिवस नीट जेवला नव्हता. आवारात चालणारी गाडी रस्त्यावर मरते, म्हणजे गाडीत खोट नाही, असं तुम्ही ठरवलं असावं. लिंबाखाली चार माणसं बसलेली असताना तुम्ही काकांना विचारलंत, "टाकीत काय घालतो बे? रॉकेल?"

म्हणजे डिझेल काढून विकतोस आणि वर रॉकेल ओततोस का, असा तो प्रश्न होता. तिथल्या प्रत्येकाला तो कळला.

काकांनी खिशातून किल्ली काढली. मग म्हणाले, "पंधरा वर्षं झाली अप्पा. आज इचारलंत तुमी." किल्ली त्यांनी वैजनाथाच्या तसबिरीपुढच्या फळीवर ठेवली, चपला घातल्या आणि गेले. तुम्ही त्यांना हाक मारली नाही. संध्याकाळी तुम्ही टाकी रिकामी केली, उद्या नवं डिझेल भरू म्हणालात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का स्वयंपाकघरात तेलाचा नवा डबा फोडत होत्या. खिळा आणि वरवंटा. एक भोक पाडलं, डबा कलता केला; तेल दोन थेंब आलं आणि थांबलं. त्यांनी समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं. धार लागली. मी दारात उभा राहून बघत होतो. त्या सहज म्हणाल्या, "एकाच भोकानं येत न्हाई रे. दुसरं हवेला लागतं."

वातावरणाच्या दाबावर मला पैकीच्या पैकी गुण होते, अप्पा. मी धावत गेलो. झाकण उघडून आत बोट घातलं. झाकणाला मधोमध एक बारीक भोक होतं, टाकीला हवा घेण्यासाठी. माझ्या रबराने ते पूर्ण बंद झालं होतं. डिझेल संपत जायचं, त्याच्या जागी हवा आत येत नव्हती, आणि पंप बिचारा रिकामं ओढून ओढून थकायचा. मी ते रबर काढलं, खिशात घातलं आणि जुनं वायसर परत बसवलं.

तुम्हाला शोधून परत आलो तोवर तुम्ही नवं डिझेल भरून निघालाही होतात. दुपारी परत आलात. गाडीतून उतरता उतरता लिंबाखालच्या माणसांना म्हणालात, "चढली. डिझेलातच खोट होती."

रबर माझ्या खिशात होतं. मी तुमच्यापासून चार पावलांवर उभा होतो. त्या दिवशी तुम्ही मला एकदा "कावून?" विचारलं असतं, माझ्या चेहऱ्याकडे बघून नुसतं विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाही. आणि मला वाटलं, आज सांगितलं तर ही खोली, हे ताट, गाडीखालचा तो आवाज, सगळं जाईल. उद्या सांगू म्हटलं. मग परीक्षा आली. मग निकाल आला. तुम्ही काळ्या हातांनी सगळ्या रस्त्याला पेढे वाटलेत आणि प्रत्येकाला म्हणालात, "पोरगं आपलं लई खरं हाय." त्यानंतर तर कसं सांगणार होतो?

ज्ञानोबाकाका तलवाड्याला गेले ते परत आले नाहीत. तुम्ही दुसरा ड्रायव्हर ठेवला नाही. गाडी लिंबाखाली उभी राहिली. आठवड्यातून एकदा तुम्ही ती सुरू करायचा, ऐकायचा आणि बंद करायचा. मी दिवाळीला यायचो तेव्हा बघायचो. अकरा वर्षं हे बघितलं.

मी आता शिरूरला शाळेत विज्ञान शिकवतो. मागच्या महिन्यात आठवीला हवेचा दाब शिकवताना तेलाचा डबा वर्गात नेला. एक भोक, मग दुसरं. धार लागली तशी पोरं हसली. एका मुलीने विचारलं, "सर, तुमाला हे कुणी शिकवलं?" मी म्हणालो, माझ्या अक्कांनी. "कवा?" म्हणाली. मी फळा पुसायला वळलो. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसून मी तुम्हाला पत्र लिहिलं. फोनवर ते सांगता आलं नसतं. टपाल पोचल्याच्या अंदाजाने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा अक्कांनी उचलला, तुम्ही बाहेर गेलात म्हणाल्या. तिसरा फोन त्यांचाच आला.

मी पोचलो तेव्हा जंगम स्वामी तुमच्या कपाळाला विभूती लावत होते. तुमच्या उजव्या अंगठ्याच्या रेषांत अजून काळं होतं. कितीही धुतलं तरी ते निघालं नाही म्हणे. आणि तुमच्या पाठीला हात लावून तुम्हाला ताठ धरायला जो म्हातारा बसला होता, ते ज्ञानोबाकाका होते.

मला वाटलं, मी झोपेतच आहे.

सगळं आटोपल्यावर अक्कांनी मला जवळ बसवलं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. तुम्ही नोझलची भोकं तपासायचं ते भिंग घेऊन लिंबाखाली एक अख्खी दुपार माझं पत्र वाचत होतात. मग दोन दिवस जेवला नाहीत. "लई चिडलेले तुझ्यावर," अक्का म्हणाल्या. "रबराचं न्हाई काही. अकरा वर्षं गप बसला म्हणून." फोन आला की तुम्ही घरातच असायचा आणि हाताने नाही म्हणायचा. हे मला कळायला हवं होतं. बरं झालं त्यांनी सांगितलं.

पुढचं काकांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही, चार पावलांवर धाप लागत असताना, एसटीने तलवाड्याला गेलात. त्यांच्या दारात बसलात, पत्र पुढे केलंत आणि म्हणालात, मोठ्याने वाच. त्यांनी वाचलं. मग तुम्ही म्हणालात, "पोराची चूक टाकीपुरती हाय. तुझ्यावर बोललो ती माझी. मी टाकीपासून चालत निघालो, पर टाकीच्या बी आधी हवा असती हे इसरलो." काकांनी तुम्हाला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी दोघं परळीला आलात.

आणि मग तुम्ही दोघा म्हाताऱ्यांनी जे केलं, त्याचं मी काय करू, अप्पा? नवं डिझेल भरलंत. पत्रासोबत मी पाठवलेलं ते रबर झाकणात बसवलंत. काका स्टेअरिंगवर आणि तुम्ही शेजारी, मी बसलो होतो त्या जागी. गाडी अंबाजोगाईच्या चढाला घातलीत. काका म्हणतात, चढ संपेपर्यंत तुम्ही डोळे मिटून बसला होतात. वर पोचल्यावर उघडलेत आणि एवढंच बोललात, "दम हाय."

मला कळवायचं का, असं काकांनी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, नको, येईल तेव्हा समोर बसवून बोलतो. मी येण्याआधी तुम्ही गेलात. समोर बसवून काय बोलणार होतात? शिव्या दिल्या असत्यात? "वाच" म्हणून तेच पत्र मला मोठ्याने वाचायला लावलं असतंत? प्रत्येक ओळीला "कावून?" विचारलं असतंत? मला त्यातलं काहीही चाललं असतं.

निघताना काकांनी मला गाडीजवळ नेलं आणि टाकीचं झाकण उघडून उलटं केलं. रबर आत होतं. कडेला तुमच्या अंगठ्याचा काळा ठसा. काका म्हणाले, पत्र अक्कांकडे आहे, घेऊन जा. मी अक्कांकडून ते घेतलं. तेच खाली उतरवतो आहे, जसं पाठवलं तसं.

*

शिरूर कासार

तीर्थरूप अप्पांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. अक्कांचे गुडघे कसे आहेत? तुमची धाप कमी आहे का? हे पत्र भिंग घेऊन सावकाश वाचा.

अप्पा, माझ्या शेवटच्या वर्षाला आपली गाडी अंबाजोगाईच्या चढाला थांबायची, ती डिझेलामुळे नाही. राख आत जाऊ नये म्हणून मी झाकणात ट्यूबचं रबर बसवलं होतं. त्याने हवेचं भोक बंद झालं. हे मला ज्ञानोबाकाका गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी रबर काढलं आणि गप्प बसलो. तुम्ही त्याच दिवशी डिझेल बदललं होतं, म्हणून तुम्हाला वाटलं डिझेलात खोट होती. काकांनी टाकीत कधीच काही घातलं नाही. त्यांनी चढावर मला आपली अर्धी भाकरी दिली होती.

मी भ्यालो होतो. तुम्ही मला खोलीतून काढाल याला नाही, तुम्ही मला वाच म्हणणार नाही याला. दुसरं कारण नाही. शोधलं, सापडलं नाही.

हे पत्र काकांना वाचायला द्या. मी त्यांच्यासमोर जाणारच आहे, पण त्यांना ते आधी तुमच्याकडून कळावं असं मला वाटतं.

आणखी एक. आपलं दाब आणि दम यावरचं भांडण मी हरलो. दाब माझ्या मांडीवरच्या काट्यात दिसत होता, तरी मला काही कळलं नाही. टाकीला दम घेता येत नव्हता. तुमचा शब्द बरोबर होता.

ते रबर इतकी वर्षं मी पदवीच्या कागदांसोबत ठेवलं आहे. सोबत पाठवतो. काल त्याला मधोमध एक भोक पाडलं. आता राख आत जाणार नाही आणि हवा जाईल.

बसवायचं की फेकून द्यायचं, ते तुम्ही ठरवा.

तुमचा,
दिगंबर